गस्तीवरच्या जहाजासाठी दिवाळीची पत्रे

मंडळी, एडनच्या आखातात नौदलाची चाचेविरोधी गस्त २००८पासून चालू आहे. यंदा आपल्या घरची माणसे तिथे आहेत. त्यांच्यासाठीची पत्रे येत्या रविवारी सकाळी १० ते १२ नेव्ही नगरच्या हॉलमध्ये गोळा करू.

– पत्ता: हुद्दा, नाव, जहाजाचे नाव, द्वारा फ्लीट मेल ऑफिस, मुंबई ४००००१. परदेशी बंदर लिहू नका.

– गस्तीची बातमी पेपरात येते हे खरे, पण जहाज कोणत्या बंदरात, कधी परतणार, हे ग्रुपवरसुद्धा नको.

– प्रत्येक पत्रावर तारीख व क्रमांक घाला. टपाल बंदरात गठ्ठ्याने मिळते. मग आधीचे कोणते ते कळते.

– फराळात चकली, शंकरपाळे चालतील. ओल्या नारळाचे काही नको.

मदतीला दोघे हवेत, शुक्रवारपर्यंत कळवा.