‘विन’ अडवलं आणि ‘ड्रॉइंग’ गेलं

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

अंबड औद्योगिक वसाहतीत आमचं टर्निंगचं, म्हणजे धातूचे गोल भाग कातायचं, छोटं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी) मशीन, एक जुनं लेथ मशीन, सात माणसं. शॉप दीर बघतात. कोटेशन, चलन, जीएसटी आणि मेल माझ्याकडे. गेल्या पावसाळ्यात स्पॅम, म्हणजे नको असलेले मेल, अडवायला गेले आणि माझ्या हातून मोठं नुकसान झालं. तीच चूक आता आजूबाजूचे बरेच जण करू लागले आहेत, म्हणून हे पत्र.

सकाळी ऑफिस उघडलं की साठ-सत्तर मेल पडलेले असायचे. त्यात कामाचे आठ-दहा. बाकी कर्ज देतो, वेबसाइट बनवतो, तुम्हाला बक्षीस लागलंय. शनिवारी आमच्या शॉपला सुट्टी असते. अशाच एका शनिवारी होस्टिंगच्या पॅनलमध्ये, म्हणजे आमचे मेल ज्या कंपनीकडे ठेवलेत तिच्या सेटिंगच्या पानावर, शिरून मी फिल्टरचे नियम लिहायला बसले. काम सोपं वाटतं. शोधायचं कुठे, विषयात, पाठवणाऱ्याच्या पत्त्यात की मजकुरात, ते ठरवायचं, शब्द द्यायचा, आणि तो सापडला तर मेलचं काय करायचं ते सांगायचं. बक्षिसाच्या मेलच्या विषयात ‘विन’ हा इंग्रजी शब्द हमखास असायचा. मी नियम लिहिला: विषयात ‘विन’ आलं की मेल टाकून द्या. चार दिवसांत कचरा एवढा कमी झाला की मी घरी सगळ्यांना कौतुकाने सांगितलं.

अडीच आठवड्यांनी एका जुन्या गिऱ्हाइकाकडे आम्ही गनमेटल या मिश्रधातूचे २४० बुश (मशीनमध्ये बसवायच्या पोकळ नळ्या) पाठवले. दुसऱ्या दिवशी सगळा माल परत. ड्रॉइंग बदललं होतं. बोअर, म्हणजे आतलं भोक, ३२ मिलिमीटरवरून ३० वर आला होता आणि आम्ही ३२ चाच पाडला होता. लहान भोक मोठं करता येतं, मोठं झालेलं लहान करता येत नाही. २४० च्या २४० नग भंगारात गेले, आणि मटेरियल आमचं होतं.

त्यांनी पाठवलेला मेल तारीख-वेळेसकट दाखवला. दीर म्हणाले, आमच्याकडे असा मेल आलाच नाही. दोन्हीकडून आवाज चढले. मी इनबॉक्स पाहिला, स्पॅम पाहिला, ट्रॅश पाहिला. कुठेच नाही. रात्री पवननगरच्या घरी जेवणं झाल्यावर चलनाच्या पाठकोऱ्या बाजूवर मी त्या मेलचा इंग्रजी विषय लिहिला, ‘रिव्हाइज्ड ड्रॉइंग’, आणि एकेका अक्षरावर पेन ठेवत गेले. डी, आर, ए, डब्ल्यू, आय, एन, जी. चौथं, पाचवं, सहावं अक्षर: डब्ल्यू, आय, एन. विन.

पॅनलला शब्द कळत नाहीत. ‘हे असेल तर’ असं सांगितलं की ती अक्षरं त्याच क्रमाने कुठेही सापडली तरी त्याला पुरतं, दुसऱ्या शब्दाच्या पोटात असली तरी. आमच्या धंद्यात दिवसातून दहा वेळा येणारा शब्द मी स्वतः दारातून हाकलत होते. त्यात मी ‘टाकून द्या’ हा पर्याय निवडलेला. आमच्या पॅनलमध्ये त्याचा अर्थ असा की मेल ना स्पॅममध्ये जातो, ना ट्रॅशमध्ये, ना पाठवणाऱ्याला परत. त्याच्या लेखी तो नीट पोचलेला असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या गिऱ्हाइकाकडे जाऊन चूक आमची आहे हे सांगितलं. त्या अठरा दिवसांत आणखी किती ड्रॉइंग गेली, किती नव्या चौकश्या गेल्या, याचा हिशेब लागायला काहीच उरलं नव्हतं.

यानंतर मी हा विषय चिकाटीने शिकले. सगळ्यात आधी कळलं ते हे, की शब्द शोधायचाच असेल तर त्याला हद्द घालावी लागते. नियमात ‘रेगेक्स’चा, म्हणजे अक्षरांचा नेमका नमुना लिहून शोधायचा, पर्याय असतो, तिथे शब्दाच्या आधी आणि नंतर बॅकस्लॅश आणि धाकटी बी लिहिली की तो सुटा शब्द म्हणूनच पकडला जातो, पोटातला नाही. दुसरं, ‘आणि’ व ‘किंवा’. एका नियमात दोन अटी टाकल्या की त्यांच्यामध्ये ‘किंवा’ आहे की ‘आणि’ हे आधी बघा. ‘अनोळखी पत्ता आणि आरएआर फाइल (अनेक फाइल बांधलेलं गाठोडं) जोडलेली’ हा कामाचा नियम आहे, कारण आम्हाला खरं ड्रॉइंग येतं ते पीडीएफ, डीडब्ल्यूजी किंवा स्टेप फाइलमध्ये. खरेदी विभागाच्या नावाने आरएआर पाठवणारा बहुधा व्हायरस पाठवत असतो. त्याच नियमात ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ राहिलं तर प्रत्येक नवं गिऱ्हाईक बाहेर.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे आमच्या भागातल्या व्हॉट्सॅप ग्रुपवर सध्या एक यादी फिरते आहे. हे शब्द फिल्टरमध्ये टाका, स्पॅम बंद होईल, असं वर लिहिलंय. मी ती पूर्ण वाचली. त्यात ‘टेस्ट’ आहे. मग मटेरियलचं टेस्ट सर्टिफिकेट कसं येणार? ‘सेल’ आहे, आणि इंग्रजी ‘होलसेल’च्या शेवटी सेलच आहे. ‘फ्री’ आहे. पिंपळगावकडे द्राक्ष निर्यात करणाऱ्या कोणी ही यादी लावली आणि विषयात ‘रेसिड्यू फ्री’ (औषधाचा अंश नसलेली) लिहिलेला लॅबचा मेल आला, तर ऐन हंगामात त्याचं काय होईल? सिंहस्थ जवळ येतोय म्हणून एकाने ‘कुंभ’ हा शब्दही यादीत जोडलाय. तंबू आणि हॉटेल बुकिंगचे फसवे मेल येतात हे खरंच आहे, पण बॅरिकेड आणि फॅब्रिकेशनच्या कामाची चौकशी आली तर तीही याच शब्दाने येणार.

एका शब्दावर निकाल लावायची पद्धत या विषयातल्या जाणकारांनी कधीच मागे टाकली आहे. नको असलेला जाहिरातीचा पहिला मोठा मेल ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतल्या अर्पानेट या इंटरनेटच्या आधीच्या जाळ्यावर सुमारे चारशे जणांना गेला. तेव्हापासून आजवर असा एकही शब्द सापडलेला नाही जो फक्त कचऱ्यातच असतो. बऱ्याच होस्टिंगवर स्पॅमअ‍ॅसॅसिन नावाची मोफत प्रणाली असते, २००१ पासूनची. ती प्रत्येक खुणेला गुण देते, काही खुणांना उणे गुणसुद्धा, आणि मूळ सेटिंगमध्ये बेरीज ५ झाली की मेलवर संशयाचा शिक्का मारते. शिक्का मारते, फेकत नाही. फेकायचं बटण आपण दाबतो. तिच्यात शिकण्याचीही सोय आहे. तुमचे किमान २०० चांगले आणि २०० वाईट मेल तिला दाखवले की कुठला शब्द तुमच्याकडे कोणत्या ढिगात किती वेळा येतो यावरून ती अंदाज बांधू लागते. आमच्याकडे ‘ड्रॉइंग’ म्हणजे चांगल्या मेलची पक्की खूण. कापड दुकानात तसं नसेल. दुसऱ्याची यादी उचलून आपल्याकडे लावण्यात काय चुकतं ते यावरून लक्षात यावं.

म्हणून माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे. तुमच्या पॅनलमध्ये ‘टाकून द्या’ असा एकही नियम असेल तर आजच काढा. त्याऐवजी मेल वेगळ्या फोल्डरमध्ये पाठवा. आमच्या फोल्डरचं नाव ‘तपासा’ आहे आणि रोज अकराच्या चहाआधी मी तो उघडते. पाच-सात मिनिटं लागतात. नवा नियम लिहिला की पॅनलमधल्या फिल्टर टेस्टच्या चौकटीत जुने दहा-बारा खरे मेल टाकून बघते. हे तेव्हा केलं असतं तर ‘विन’चा नियम पहिल्याच मेलला पकडला गेला असता.

पाठवणाऱ्यांनाही सांगणं आहे. विषय कोरा ठेवून, मजकुरात एक ओळही न लिहिता नुसती फाइल पाठवू नका. पार्ट नंबर आणि पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर विषयात लिहा. ड्रॉइंग बदललं असेल तर एक फोनही करा.

निमा आणि आयमा या नाशिक-अंबडच्या उद्योजकांच्या आपल्या संघटनांनी छोट्या उद्योगांमध्ये मेल सांभाळणाऱ्यांसाठी अर्ध्या दिवसाचा वर्ग मराठीतून घ्यावा. जीएसटीवर कार्यक्रम होतात, मेलचा विषय मात्र ‘कॉम्प्युटरवाल्या मुलाला विचारा’ यावर संपतो. त्या मुलाला आमच्या धंद्यातले शब्द ठाऊक नसतात, आणि आम्हाला ‘आणि-किंवा’ कोणी समजावून सांगत नाही. सातपूरच्या आयटीआयमध्येही मशीनसोबत एवढं शिकवायला हरकत नसावी.

माझे आता अकरा नियम आहेत. एका कागदावर लिहून ठेवलेत. प्रत्येकापुढे तो का लिहिला आणि कोणत्या मेलवर तपासला त्याची तारीख आहे. असा वर्ग झाला तर तो कागद आणि त्या २४० पैकी टेबलावर ठेवलेला एक बुश घेऊन मी नक्की येईन.

आपली नियमित वाचक,
एक लघुउद्योजिका,
सिडको, नाशिक