पडवीतल्या व्हिडिओ लायब्ररीच्या काकींना

ती. काकींस,
सा. न. वि. वि.

हे पत्र घरच्या पत्त्यावर टाकलं असतं तर तुम्ही ते वाचून, घडी घालून फडताळात ठेवलं असतं आणि विषय संपला असता. म्हणून चारचौघांत लिहिते आहे. तुमच्याकडून कॅसेटी नेणारी पोरं आता ठाण्या-डोंबिवलीत नाहीतर आखातात आहेत, त्यांच्याही नजरेला पडेल. आभार कसले, असं तुम्ही विचारालच. मला हिंदी सिनेमा बघायला शिकवलंत, त्याचे.

बघत तर सगळेच होते. ऐंशीच्या दशकात मालवणात व्हिडिओचं नवल उरलं नव्हतं. गणपतीत चाकरमानी आले की रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचा, जागरणाच्या नावाखाली एका रात्रीत तीन-चार सिनेमे उडवायचे आणि सकाळच्या आरतीला डोळे चोळत उभं राहायचं, हे घरोघरी चालायचं. शिवाय व्हिडिओ सेंटरं होती. काळा पडदा लावलेली खोली, बाकडी, विड्यांचा धूर. तिथे मुलींनी पाऊल टाकायचं नाही, हे कुणी बोलून दाखवावं लागत नव्हतं. तुमची लायब्ररी घराच्याच पडवीत, समोर तुळशीवृंदावन आणि गल्ल्यावर तुम्ही. त्यामुळे 'काकींकडे जाऊन येते' म्हटलं की आई सोडायची. वाडीतल्या आम्हा मुलींच्या वाट्याला सिनेमा आला तो एवढ्याशा सोयीने. ही सोय तुम्ही जाणूनबुजून ठेवली असणार, असं मला आता वाटतं. काकांनी दुकान बाजारपेठेत हलवायचा विषय काढला की तुम्हाला नेमकी चुलीवरची आमटी आठवायची.

काका लालबागला गिरणीत होते. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला, तो मिटलाच नाही, आणि कोकणातल्या कितीतरी घरांसारखं तुमचंही बिऱ्हाड गावी परतलं. बाकीच्यांनी किराणा मांडला, पिठाची गिरण टाकली. तुम्ही पाटल्या मोडून व्हीसीआर घेतलात. गावाने नावं ठेवली ती ठेवलीच. पण चाळीत राहून तुम्ही एक भांडवल जमवलं होतं, त्याची गावाला कल्पना नव्हती. पोरं शाळेत गेली की कमी तिकिटातल्या मॅटिनीला जाऊन तुम्ही जुने हिंदी सिनेमे पाहिले होते, आणि कोणता कोणी केला हे तुम्हाला तोंडपाठ होतं.

म्हणून तर तुमच्या फळ्या वेगळ्या. इतर दुकानांत कॅसेटी नटांप्रमाणे लावलेल्या असत, बच्चन एकीकडे, मिथुन एकीकडे. तुमच्याकडे एक फळी बिमल रॉय यांची, एक हृषीकेश मुखर्जींची, मग विजय आनंद, बासू चटर्जी, गुरुदत्त. गिऱ्हाईक वैतागायचं. एकदा कोणीतरी 'काकी, धर्मेंद्र खंय आसा?' म्हणून विचारलं, तर तुमचं उत्तर, "धर्मेंद्र चार फळयांर आसा. कोणाचो होयो?" त्या दिवशी तो बिचारा मारामारीचा सिनेमा न्यायला आला होता आणि 'सत्यकाम' घेऊन गेला. परत आला तेव्हा काही बोलला नाही, फक्त "तसलो आणखी एक द्या" म्हणाला. धर्मेंद्र किती चांगला नट होता हे तुम्ही मालवणला पटवत होतात, आणि तेही कोणी विचारलेलं नसताना.

डबीवरच्या चिठ्ठीचंही तसंच. सिनेमाचं नाव, खाली दिग्दर्शक, मग कॅमेरा, संगीत, गीतं. मी कारण विचारलं तेव्हा तुम्ही रेडिओकडे बोट दाखवलंत. विविध भारतीवर गाणं लागायच्या आधी चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार सगळ्यांची नावं घेतात. मग डबीवर एकट्या हिरोचं नाव कशाला? त्या चिठ्ठीमुळेच मला कळलं की 'बंदिनी'तली बाकीची गाणी शैलेंद्रची, पण 'मोरा गोरा अंग लइ ले' मात्र गुलजार नावाच्या नवख्या पोराने लिहिलं, आणि सिनेमासाठी लिहिलेलं ते त्याचं पहिलं गाणं.

पावसाळ्यात तुमची खरी परीक्षा असे. आपल्याकडची दमट हवा चामड्याच्या चपलेला सोडत नाही, ती कॅसेटीच्या फितीला काय सोडणार. कडांवर पांढरी बुरशी धरायची, आणि तशी कॅसेट मशीनमध्ये घातली की हेड खराब, पडद्यावर नुसत्या मुंग्या. तुम्ही कॅसेटच्या कपाटात चाळीसचा बल्ब दिवसरात्र पेटता ठेवलात. तरीही धरलीच तर दुपारी पडवीत कागद अंथरून बसायचात. कॅसेट उलटी करून पाच स्क्रू काढायचे, वरचं झाकण अलगद उचलायचं, स्प्रिंग उडू द्यायची नाही. मग मलमलीचा तुकडा स्पिरिटमध्ये बुडवून चिमटीत फीत धरायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने रीळ फिरवत राहायचं. अख्खा सिनेमा तुमच्या चिमटीतून जायचा. लाइट गेलेली, बाहेर पाऊस, आणि मी शेजारी बसून स्क्रू सांभाळत असायची. काम चालू असताना तुम्ही सिनेमा सांगायचात. गोष्ट कधीच नाही. गोष्ट तू बघशीलच, म्हणायचात. कुठे बघायचं ते सांगायचात.

"जो बोलता तेच्याकडे कित्याक बघतंस? जो ऐकता तेच्याकडे बघ."

काकी, माझी सगळी कमाई या एका वाक्यात आहे. हिंदी सिनेमा म्हणजे डायलॉग अशी माझी समजूत होती, आणि बरेच सिनेमे आहेतही तसे. पण तुम्ही सांगितलं तसं बघायला लागल्यावर 'बंदिनी'तली नूतन दिसली. तोवर ती मला जरा रडूबाई वाटायची. विषाचा प्रसंग तुम्ही रिवाइंड करून करून दाखवलात. कल्याणीला, म्हणजे नूतनला, कळलेलं असतं की जिची ती सेवा करते आहे ती बाई तिला सोडून गेलेल्या माणसाचीच बायको आहे. वडील गेल्याचं कळून फार वेळ झालेला नसतो. ती काही म्हणजे काही बोलत नाही. बाहेर कुठेतरी लोखंडाचं काम चालू आहे, घणाचे ठोके पडताहेत, वेल्डिंगचा उजेड तिच्या चेहऱ्यावर येतो आणि विझतो. आणि त्या उजेड-अंधारात ती बाई खून करायचं ठरवते, आपल्या डोळ्यांदेखत. १९६३ चा सिनेमा, आणि आजही मला त्या जागी श्वास रोखावा लागतो. त्याला उत्तम ध्वनीचंही फिल्मफेअर मिळालं होतं. ठोक्यांचा हिशेब कोणीतरी केला असणार, हे तुम्ही मला आवाज बंद करून दाखवून दिलंत. तेच दृश्य, तोच चेहरा, पण घण नाही तर निर्णय होतच नाही. टीव्हीचं ते बटण दाबून तुम्ही जे शिकवलंत ते नंतर मी सिनेमावरच्या लेखांतून वाचलं, तेव्हा नवं काही वाटलं नाही.

'गर्म हवा'ची कॅसेट तुमच्याकडे कधीच आली नाही. तो तुम्ही तोंडीच दाखवलात. मुंबईला पाहिलेला, आणि त्यातली आजी तुम्हाला सोडत नव्हती. फाळणीनंतरचं आग्रा, घरातले एकेक पाकिस्तानात निघालेले, राहती हवेली सोडायची वेळ येते, आणि म्हातारी जाऊन सरपणाच्या कोठीत लपून बसते. लग्न होऊन ज्या घरात आले ते मी सोडणार नाही, म्हणून. हे सांगताना तुम्ही समोरच्या बंद घराकडे बघायचात. आपल्या वाडीत दर चार घरांत अशी एक आजी होतीच की. मुलगा मुंबईला न्यायला आला की जिचं पोट दुखायला लागायचं.

२०१४ मध्ये तो सिनेमा पुन्हा थिएटरात लागला तेव्हा मी मुद्दाम सुट्टी टाकून मुंबईला जाऊन पाहिला. त्या आजीचं काम आग्र्यातल्याच एका वृद्ध बाईंनी केलंय आणि आवाज दीना पाठकांचा आहे, हे कळल्यावर तुम्हाला फोन केला होता, आठवत असेल. पण तेव्हा एक सांगायचं राहिलं. मी बहुतेक वेळ बलराज साहनींकडेच बघत होते. त्यांचा सलीम मिर्झा त्या सिनेमाभर ऐकतो. कर्ज देणारे नाही म्हणतात ते ऐकतो, घर भाड्याने न देणाऱ्यांचं ऐकतो, धाकट्याचा राग ऐकतो. मुलगी जाते तेव्हा तर डोळ्यांत पाणीही आणत नाही. साहनींची स्वतःची मुलगी थोड्याच काळापूर्वी गेली होती, आणि हा सिनेमा पडद्यावर यायच्या आधी, एप्रिल १९७३ मध्ये, ते स्वतःही गेले. हे मला माहीत नसतं तरी तो प्रसंग तसाच लागला असता, याची मला खात्री आहे.

त्यांचाच 'दो बिघा जमीन' लावला की काका उठून विहिरीवर जायचे. जमीन वाचवायला शंभू कलकत्त्याला जाऊन रिक्षा ओढतो आणि शेवटी त्याच्या जमिनीवर कारखाना उभा राहतो. काकांचा कारखाना बंद पडला होता. तुम्ही त्यांना कधी थांबवलं नाहीत, आणि तो सिनेमा फळीवरून काढलाही नाहीत.

मी एकदा तणतणत आले होते. हिंदी सिनेमात आपला माणूस म्हणजे हवालदार, नाहीतर भांडी घासणारी बाई, आणि आपल्या कोकणातला मांडवा म्हणजे जणू डाकूंचा मुलूख. ही तक्रार माझी आजही आहे, आणि ती खरी आहे. तुम्ही वाद घातला नाहीत, 'पिया का घर' हातात ठेवलात. बासू चटर्जींनी १९७२ मध्ये 'मुंबईचा जावई'वरून केलेला. नवं लग्न, चाळीतली खोली, घरभर माणसं, आणि नवराबायकोला दोन शब्द बोलायला कोपरा नाही. मी हसत हसत पाहिला. परत द्यायला आले तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "आमचाय असाच होता गो." त्यानंतर मी तो पुन्हा पाहिला आणि जया भादुरी ज्या ज्या ठिकाणी हसत नाही त्या जागा मला दिसल्या.

आता आपल्या जुन्या भांडणाकडे येते, कारण आभार मानले म्हणून मी माघार घेतली असं तुम्ही समजाल. 'कागज के फूल' तुम्हाला कधीच आवडला नाही. "आपलीच कीव करता तो," हे तुमचं मत. उत्तरार्धाबद्दल मी थोडं मान्य करते. दिग्दर्शकाची दारू आणि दैना जरा लांबतेच. पण काकी, आपण तो अर्धाच पाहिला होता. भारतातला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा, सिनेमा तो, १९५९ चा, आणि कॅसेटवर आपल्या चौकोनी टीव्हीसाठी त्याच्या दोन्ही कडा छाटलेल्या. पुढे पुण्याला मोठ्या पडद्यावर पाहिला तेव्हा मी खुर्चीत पुढे सरकून बसले. रिकामा स्टुडिओ, वरून उतरणारा उजेडाचा झोत. कॅमेरामन व्ही. के. मूर्तींनी तो आरसे लावून, बाहेरचं ऊन आत वळवून आणला होता. या टोकाला गुरुदत्त, त्या टोकाला वहिदा, मध्ये ते सगळं अंतर. कॅसेटवर दोघांपैकी एक कायम बाहेर जायचा आणि मग ते अंतरच उरत नव्हतं. आणि गाणं गीता दत्त गाते आहे, पण पडद्यावर ते कोणीच म्हणत नाही. दोघंही फक्त ऐकताहेत! तुमच्याच नियमाने हा सिनेमा तुमच्या वरच्या फळीवर जायला हवा होता.

लायब्ररी बंद झाली, कॅसेटी भंगारात गेल्या, मशीन बिघडलं. त्याबद्दल तुम्हाला काही वाटत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून लिहीत बसत नाही.

चतुर्थीला येते आहे. भाच्याकडून प्रोजेक्टर मागून घेतला आहे, पडवीच्या भिंतीला चुना नीट असेल तर पडदाही लागणार नाही. 'कागज के फूल' पूर्ण रुंदीचा आणते. पाहून झाल्यावर 'कीव' म्हणालात तरी चालेल, पण मग कुठल्या शॉटमध्ये ते दाखवावं लागेल.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
स्क्रू सांभाळणारी

ता. क. काकांनाही बसवा. विहिरीवर जाण्यासारखं यात काही नाही.