बोट क्लबवरच्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

पहिल्या दिवशी तुम्ही माझं नाव विचारलं नव्हतं. “पोहता येतं का?” एवढंच विचारलंत. नाही म्हटल्यावर तशीच परत पाठवलीत. मी चिडले होते. तीन महिन्यांनी पोहायला शिकून आले, तेव्हा तुम्ही काही न बोलता लाइफ जॅकेट काढून दिलंत आणि मला पंटमध्ये, त्या सपाट बुडाच्या बोटीत, बसवलंत.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. रेगाटाच्या, म्हणजे बोटींच्या सोहळ्याच्या, संध्याकाळी टाळ्या मशालींना आणि कयाकच्या रांगांना मिळतात, तेव्हा तुम्ही धक्क्याच्या टोकाला अंधारात दोर धरून उभे असता. इंजिनीअरिंग कॉलेजचा बोट क्लब 1928 पासून मुळेच्या काठावर आहे. तो इतकी वर्षं चालतो तो तुमच्यासारख्यांच्या हातांवर, हे पुण्यात किती जणांना ठाऊक आहे?

शेलमध्ये, म्हणजे शर्यतीच्या लांब अरुंद बोटीत, बसवलंत तेव्हा मी सारखी मान वळवून पुढे बघायची. वल्हवणाऱ्याची पाठ पुढे आणि तोंड मागे, हेच मनाला पटत नव्हतं. बोट डावीकडे जायची, उजवीकडे जायची. तुम्ही काठावरून ओरडलात, “पुढचं सोड! मागचं झाड धर!” पलीकडच्या काठावरचं एक झाड नजरेत धरायचं आणि बोटीचं मागचं टोक त्यावरून हलू द्यायचं नाही. टोक झाडावर राहिलं की बोट सरळ जाते. त्या सकाळी पहिल्यांदा दोन्ही वल्ह्यांची पाती एकदम पाण्यात गेली, बोटीखालून बुडबुड्यांचा बारीक आवाज आला, आणि तुम्ही फक्त मान हलवलीत.

नदीही मला तुमच्यामुळेच कळली. मुठा खडकवासल्याकडून येते, मुळा पवनेला पोटात घेऊन येते, संगमावर दोघी भेटतात आणि पुढे भीमेला मिळून पंढरपूरला चंद्रभागा होऊन जातात, हे तुम्ही वल्ह्याला तेल लावता लावता सांगितलंत. बंडगार्डनला सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून बंधारा झाला, पाण्याला फुगवटा आला, आणि त्या संथ पाण्यावर बोटी आल्या. पुढे 1868 मध्ये तिथे साहेबांचा रॉयल कॅनॉट बोट क्लब निघाला. बोट क्लब रोडवरून रोज गाडी नेणाऱ्यांना हे नाव कुठून आलं ते माहीत नसतं, याचं तुम्हाला फार वाईट वाटायचं. आता मलाही वाटतं.

बंधाऱ्याजवळचा जुना फिट्झगेराल्ड पूल बघायला तुम्हीच पाठवलंत. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, तो लोंढाही त्याच्या कमानींनी पचवला. मी आज पुलांचंच काम करते. नवीन साइटवर गेले की आधी नदीकडे तोंड करून बसते. पाणी कुठून येतं, कुठे अडतं, कुठे गाळ टाकतं. ही सवय वर्गात लागलेली नाही.

आणि ती जलपर्णी! आमच्या शेवटच्या वर्षी रेगाटाला तीन दिवस उरले होते. सकाळी येऊन बघतो तर या काठापासून त्या काठापर्यंत हिरवा गालिचा. ज्यांच्याकडे दाद मागायची तिथे मागून झाली होती, यंत्र काही आलं नाही. तुम्ही विजार गुडघ्यावर दुमडलीत आणि कमरेइतक्या पाण्यात उतरलात. त्या पाण्याचा वास मला अजून आठवतो. तुम्ही दोराचा फास टाकायचा, आम्ही काठावरून ओढायचं. मुळं चिखलासकट यायची, हाताला खाज सुटायची. दुसऱ्या दिवशी दुपारी मधली पट्टी मोकळी झाली, तेव्हा तुम्ही नळाखाली पाय धुतलेत आणि लगेच एका शेलचा रिगर, वल्हं टेकवायची चौकट, घट्ट करायला बसलात. तेव्हा तुम्हाला थँक्यू म्हणायचं राहून गेलं. आज म्हणतेय, काका. मनापासून.

2016 मध्ये रिओला दत्तू भोकनळ उतरला त्या दिवशी मी तुम्हाला फोन केला होता. दुष्काळी चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा मुलगा, पुण्यात लष्कराच्या केंद्रावर वल्हं मारायला शिकतो आणि ऑलिंपिकमध्ये तेरावा येतो. तुम्ही बराच वेळ बोललाच नाहीत. मग म्हणालात, “आपल्याच पाण्यावरचा पोरगा.” तुमचा आवाज भरून आला होता.

यंदा रेगाटाला येतेय. लेकीला घेऊन. तिला मशालींपेक्षा धक्का बघायचाय, तुम्ही उभे राहता तो. तुम्ही तिला सगळ्यात आधी काय विचाराल ते मला पक्कं माहीत आहे. येतं, काका. चांगलं येतं.

तुमची,
मागचं झाड धरणारी