घशासाठी 'तीन गोळ्यांची पट्टी' मागण्यापूर्वी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

लालबागमध्ये औषधांचे दुकान चालवणारा नोंदणीकृत फार्मासिस्ट या नात्याने हे पत्र लिहीत आहे. गणपतीच्या दिवसांत, आरत्या आणि पावसात भिजणे एकाच वेळी चालू असताना, 'घसा धरलाय, ती तीन गोळ्यांची पट्टी द्या' ही मागणी माझ्या काउंटरवर रोज होते. ती पट्टी म्हणजे ॲझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक (अँटिबायोटिक). हे औषध शेड्यूल एचमधले असल्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. मात्र मी नकार दिला की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाते आणि बऱ्याचदा तिथे त्याला ते मिळते, हे आम्ही दुकानदारांनी प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

घसादुखी बहुतांशी विषाणूंमुळे होते, साधारण आठवड्याभरात आपोआप बरी होते आणि तिच्यावर प्रतिजैविकाचा काही उपयोग होत नाही. जिवाणूंमुळे होणाऱ्या घसादुखीत प्रमुख असतो तो 'गट अ स्ट्रेप्टोकोकस'. त्याची शक्यता जोखण्यासाठी डॉक्टर ताप, टॉन्सिलवरचा पांढरट-पिवळा थर, गळ्याच्या पुढच्या बाजूच्या दुखऱ्या गाठी आणि खोकला नसणे, हे १९८१ पासून प्रचलित असलेले चार निकष पाहतात. चारही जुळले तरी निदान पक्के होत नाही, त्यासाठी घशाचा स्वॅब, म्हणजे घशातून बोळ्याने घेतलेल्या नमुन्याची तपासणी, लागतो. परंतु ताप आणि खोकला यांविषयी काउंटरवरूनही विचारता येते, आणि सोबत सर्दी, खोकला व बसलेला आवाज असेल तर कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि पॅरासिटामॉल पुरते. पावसाळ्यात अंगात ताप असताना आयब्युप्रोफेन मागणाऱ्यालाही मी थांबवतो, कारण तो ताप डेंग्यूचा निघाला तर त्या गोळीने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

इंग्लंडमध्ये ३१ जानेवारी २०२४ पासून 'फार्मसी फर्स्ट' योजनेखाली पाच वर्षांवरील रुग्णांचा घसा फार्मासिस्टच तपासतात आणि ठरलेल्या निकषांत बसल्यास पेनिसिलिनही देतात. औषध देण्याची ती मुभा आपल्याकडे जशीच्या तशी आणावी, असे मला वाटत नाही. शालेय वयातील मुलांमध्ये स्ट्रेप्टोकोकसच्या घसादुखीनंतर ऱ्हुमॅटिक फीव्हर होऊन हृदयाच्या झडपा कायमच्या निकामी होण्याचा धोका आपल्या देशात अजूनही आहे, आणि तो टाळण्यासाठी दहा दिवसांचे पेनिसिलिन डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवे. घेण्यासारखी आहे ती विचारपूस करण्याची शिस्त.

त्या शिस्तीचे मोल मला एका बाईंमुळे कळले. त्या घसा दुखतो म्हणून चघळायच्या गोळ्या घ्यायला आल्या होत्या. दुसरे कोणते औषध चालू आहे, असे सहज विचारले तेव्हा थायरॉइडसाठी दीड महिन्यापासून कार्बिमॅझोल घेत असल्याचे त्यांनी सांगितले. या औषधाने क्वचित रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटतात आणि घसादुखी हे त्याचे पहिले लक्षण असू शकते, ही सूचना त्यांना कोणीच दिलेली नव्हती. चघळायच्या गोळ्या न देता मी त्यांना त्याच दिवशी रक्त तपासायला पाठवले. पेशी खरोखरच कमी निघाल्या.

थुंकी गिळता न येणे, तोंड न उघडणे, श्वास घेताना आवाज येणे, घटसर्पाची लस न घेतलेल्या मुलाच्या घशात राखाडी पापुद्रा दिसणे, अशा रुग्णाला तर क्षणभरही दुकानात थांबवू नये. रुग्णाला समुपदेशन करणे हे २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनुसार आमचे कर्तव्यच आहे, पण संध्याकाळच्या गर्दीत त्यासाठी लागणारी चार-पाच मिनिटे कोणाच्याच हिशेबात नाहीत. इंग्लंडमध्ये अशा सल्ल्याचे पैसे फार्मसीला सरकारकडून मिळतात.

म्हणून राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने घसादुखीसाठी एक पानी मराठी प्रश्नावली तयार करून प्रत्येक औषध दुकानात ठेवणे बंधनकारक करावे, आणि ती भरून पाठवलेल्या रुग्णाला महापालिकेच्या 'आपला दवाखान्या'त त्याच दिवशी तपासण्याची सोय व्हावी, अशी माझी विनंती आहे.

आपला नम्र,
एक फार्मासिस्ट, लालबाग, मुंबई