आधी अर्थिंग, मग स्कोप

नारायण पेठ, पुणे
रविवार, दुपार

प्रिय मंगल,

दिलीपला सांगितलं तर तो म्हणाला, "मग वायरमनला बोलव." मुलाला कळवलं तर त्याने मोबाइलवर नुसता अंगठा पाठवला. तुला एका वाक्यात कळेल म्हणून लिहितेय. आमच्या घरात फेज आणि अर्थमध्ये डिजिटल मीटर २२८ व्होल्ट दाखवतो, आणि त्याच दोन टोकांत शंभर वॅटचा बल्ब लावला की मीटर सव्वाशेवर येतो. म्हणजे अर्थिंग नुसतं नावाला.

मागची खोली रिकामी झाली, एफडीची मुदत संपली, आणि दिलीप आपणहून म्हणाला की हे पैसे तुझ्या टेबलाचे. मी लगेच आपली, स्वतःच्या टेबलावर काय काय हवं त्याच्या यादीची वही काढली. पहिल्या ओळीत तुझं अक्षर : "सीआरओ, २० मेगाहर्ट्झ, दोन चॅनल", म्हणजे सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारा स्कोप. त्याखाली माझं : "आधी पॉवर सप्लाय!!" त्यावरून तू दोन दिवस मेसमध्ये माझ्या शेजारी बसली नव्हतीस, आणि तिसऱ्या दिवशी माझी पोळी उचलून खाल्लीस. पुढे व्होल्टेज कमीजास्त करायचा डिमरस्टॅट, सिग्नल जनरेटर, कॉइल-कपॅसिटर मोजायचा एलसीआर ब्रिज. तेव्हा यातलं सगळं फक्त लॅबच्या कुलपाआड होतं. आज चार चॅनलचा, बारा बिटचा डिजिटल स्कोप माझ्यासारखीला घरी आणता येतो! शंभर किलोहर्ट्झवर मोजणारा एलसीआर मीटर हातात मावतो, सुकलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर त्याच्या ईएसआरवरून, म्हणजे आतल्या वाढलेल्या रेझिस्टन्सवरून, लगेच ओळखू येतो. पासोड्या विठोबापाशी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून तासन्‌तास फिरले. नुसतं बघतानाही फार आनंद झाला गं.

घाई माझ्यापेक्षा ईशाला आहे. भाचीची मुलगी, आठवीत. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, शाळेने खोडदला रेडिओ दुर्बीण बघायला नेलं होतं. तिथल्या पंचेचाळीस मीटरच्या डिश बघून आली आणि तेव्हापासून दर रविवारी माझ्याकडे असते. जुन्या बाजारातून आणलेला एक ट्रान्झिस्टर आम्ही दोघींनी चालू केला. काटा ७९२ किलोहर्ट्झवर आणून पुणे केंद्र लावलं, तेव्हा तिने विचारलं, "मावशीआजी, याच्या आत आत्ता काय चाललंय?" मी सांगितलं, आतला ऑसिलेटर १२४७ वर चालतोय, दोन्हींतला फरक ४५५, आणि पुढचं सगळं काम त्या ४५५ वर होतं. ती म्हणाली, "मला ते दिसायला हवं." मंगल, अगदी तुझा सूर! दिसलं नाही तर कळणार कसं, हेच तू म्हणायचीस. तिच्यासाठी तरी स्कोप आधी घ्यावा असं मनात पक्कं झालं होतं.

मग ती एका टीव्हीचा एसएमपीएस, म्हणजे आतला पॉवर सप्लायचा बोर्ड, घेऊन आली. शेजाऱ्यांचा, बंद पडलेला. माझ्या डोळ्यांपुढे भास्करचा हात आला. वर्कशॉपमधली ती दुपार, तो उघडा टीव्ही, थेट मेन्सला जोडलेली लाइव्ह चासी, आणि तू लाकडी स्टूल मारून त्याला बाजूला पाडलंस ते. त्यावर आपण पुढे कधी बोललोच नाही. मी बोर्ड काढून कपाटात ठेवला. ईशा रुसली, पण आधी घराची वायरिंग तपासू म्हटल्यावर लगेच वही घेऊन बसली.

मीटर लावला. फेज-न्यूट्रल २३०, फेज-अर्थ २२८. ईशाने बरोबरची खूण केली. आमचा वायरमन मात्र जुना माणूस. त्याने आधी घरातले सगळे प्लग काढायला लावले, कुणी कशाला हात लावायचा नाही अशी ताकीद दिली, आणि मग होल्डरमधला बल्ब फेज आणि अर्थमध्ये धरला. बल्ब लालसर, मरगळलेला. मीटर धाडकन खाली. म्हणजे तीनशे-एक ओम मातीतच बसलेत, जिथे चार-पाचच्या वर असू नयेत.

आता ते आठव. एक लाखाचे दोन रेझिस्टर, पाच व्होल्टचा सप्लाय, मधल्या टोकाला अडीच यायला हवेत. तुझ्या सान्वावर, त्या काट्याच्या मीटरवर, सव्वा आले आणि तू म्हणालीस रेझिस्टर गेलाय. मी म्हणाले, तुझा मीटर व्होल्टला वीस हजार ओमचा, अडीचच्या रेंजवर तो स्वतःच पन्नास हजारांचा रेझिस्टर होऊन बसतो आणि मोजायचं तेच खाली ओढतो. डिजिटलच्या दहा मेगओमने बरोबर अडीच दाखवले, आणि वर्षभर मी ते तुला ऐकवलं. या खेपेला तुझा सान्वा जिंकला, मंगल. तोही काही बल्बएवढा करंट ओढत नाही म्हणा, पण तुझं जुनं म्हणणं तर हेच होतं, की थोडा भार टाकल्याशिवाय खरं कळत नाही. दहा मेगओमला तीनशे ओम दिसणारच कसे?

हे कळल्यापासून झोप नीट नाही. कुठल्याही धातूच्या डब्याला आत फेज चिकटली तर तीनशे ओममधून जेमतेम पाऊण अँपिअर वाहणार. त्याने एमसीबी पडत नाही. डबा तसाच जिवंत उभा राहणार, वॉशिंग मशीन असो नाहीतर माझा स्कोप. आणि स्कोपचं तर तुला माहीतच आहे, प्रोबची काळी क्लिप थेट थ्री-पिनच्या जाड्या पिनेला जोडलेली. एसएमपीएसच्या हॉट साइडला, मेन्सशी थेट जोडलेल्या भागाला, ती लावली की भडका. तो टाळायला लोक ती पिनच काढून टाकतात. मग स्कोपची सगळी बॉडी त्या ३२५ व्होल्टच्या खेळात येते आणि पोरगी त्याच्याच नॉबला हात लावून बसलेली असते. स्कोपची पिन कधीही काढायची नाही, मेन्सपासून वेगळं करायचं ते दुरुस्तीला आलेल्या बोर्डाला, हे मी तिच्या वहीत लाल शाईने लिहून दिलंय.

तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, करंट अर्थकडे गळला की लाइन तोडणारा, त्याच आठवड्यात बसवून घेतला, त्याचं टेस्ट बटण ईशा दाबते. पण अर्थचा खड्डा राहिलाच. खालच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक बसवले तेव्हा तो त्यांच्याखाली गेला. पाणी नाही, मीठ-कोळसा कधीचा विरलाय. सेक्रेटरी म्हणतात, इतकी वर्षं काही झालं नाही. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी मीटिंगमध्ये विचारलं की अर्थिंग केलं तर बिल कमी येईल का, आणि नाही म्हटल्यावर मतदान आमच्या विरुद्ध गेलं! हसू आलं, पण राग अजून गेलेला नाही. त्या इमारतीत लहान मुलं आहेत गं.

म्हणून ठरवलंय की स्कोपचे पैसे आधी खड्ड्यात घालायचे. नवा इलेक्ट्रोड, नवी पट्टी थेट मीटर बोर्डापर्यंत, सगळ्यांना जोडलेली. दिलीप म्हणतो सगळ्यांचं तू एकटीने का? तू असं विचारणार नाहीस.

तोवर ईशा फक्त बारा व्होल्टच्या बाजूला. तीस व्होल्ट, पाच अँपिअरचा सप्लाय घेतला (हो, पॉवर सप्लाय आधी, आता भांड). करंट लिमिट पन्नास मिलिअँपिअरवर ठेवते. तिने ट्रान्झिस्टर उलटा लावला तरी काही जळत नाही, सप्लायवरचा लिमिटचा दिवा लागतो आणि ती स्वतः चूक शोधते. मी काही बोलतसुद्धा नाही. मोठ्या कपॅसिटरमध्ये साठलेला चार्ज काढायला पाच वॅटचा, दहा हजार ओमचा वायरवाउंड रेझिस्टर क्लिपा लावून तयार केलाय. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून डिस्चार्ज करायचं नाही, आणि रेझिस्टरनंतरही मीटरने बघायचं. सिरीज बोर्डासाठी, म्हणजे दुरुस्तीच्या वस्तूच्या वाटेत बल्ब घालून करंट अडवायला, तपकीर गल्लीतून शंभर वॅटचे पिवळे बल्ब आणलेत.

राहिला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, बोर्डाला मेन्सपासून वेगळं करणारा. तो बाहेरून घ्यायला मन होत नाही. तू वाइंड करून दे. २३० ला २३०, पाचशे व्हीए. प्रायमरी आणि सेकंडरी एकावर एक नको, बॉबिनच्या वेगवेगळ्या कप्प्यांत, मध्ये भक्कम भिंत. सेकंडरीचं एकही टोक अर्थला नाही, कोअर मात्र अर्थला. लोडवर व्होल्टेज पडतं त्या हिशेबाने सेकंडरीला थोडे फेरे जास्त. वायरचा गेज तू ठरव, वार्निश घाईत सुकवू नकोस. सेकंडरीकडे आरसीसीबी आंधळा असतो, म्हणून ईशाला एक हात पाठीमागे ठेवायची सवय लावतेय. पैसे पूर्ण घ्यायचे, मिरजेतल्या कुठल्याही गिऱ्हाइकाकडून घेशील तेवढे.

तुझी नवी शेड झाली का? सुनेचं बाळंतपण कधी? भाऊंचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असेलच. माझा गुडघा आहे तसा आहे, दिलीपची शुगर ठीक.

ट्रान्सफॉर्मर पार्सलने पाठवू नकोस, कोअर हलते. स्वतः घेऊन ये, सान्वापण आण. आणि येण्याआधी एवढं कळव : पाचशे पुरेल, की पुढे जुने ट्यूबवाले टीव्ही टेबलावर घ्यायचे झाले तर हजारचा करावा? कोअर एकदाच घ्यायची आहे.

तुझी,
वासंती