दीडशे फुटांवरची रेघ

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचून दोन दिवस काही सुचलं नाही. वाचनालयाचं काम सुरू झालं आणि तुझ्या नकाशातला व्हरांडाच गाळला, तुला एका शब्दानं न विचारता. तुझा जीव किती तुटला असेल, मला कळतं.

काल वॉशिंग्टनला गेलो होतो. तिथला जॉर्ज वॉशिंग्टनच्या स्मारकाचा तो उंच पांढरा स्तंभ तू फोटोत पाहिला असशील. पायथ्याशी उभं राहून वर बघितलं, की साधारण दीडशे फुटांवर संगमरवराचा रंग बदलतो. खालचा दगड एका खाणीचा, वरचा दुसऱ्या खाणीचा. ती रेघ बघत मी बराच वेळ उभा होतो.

स्तंभाचा आराखडा रॉबर्ट मिल्सचा. जन्म १७८१, साउथ कॅरोलिना राज्यातल्या चार्ल्स्टनचा. राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसननं त्याला आपल्या घरचं ग्रंथालय वापरू दिलं होतं. पुढे तो लॅट्रोब या वास्तुविशारदाच्या हाताखाली शिकला. साउथ कॅरोलिनात त्यानं कालव्यांची कामं पाहिली, जिल्ह्याजिल्ह्यांचे नकाशे छापले. स्तंभाच्या पायाशी ३० खांबांचा गोल मंडप आणि वर रथात उभा असलेला वॉशिंग्टन, असं त्यानं रेखाटलं होतं. १८४८ साली ४ जुलैला पायाचा दगड बसला, १८५४मध्ये पैसे संपून काम थांबलं, आणि पुढच्याच वर्षी मिल्स गेला. त्यानं पाहिलं ते फक्त खालचं थोटूक. लष्करी अभियंता केसी यानं पाया मजबूत करून १८८४मध्ये ५५५ फुटांचा स्तंभ पुरा केला. मंडप मात्र कधीच झाला नाही.

पण अवी, मला मिल्सचं खरं काम वेगळंच वाटतं. आगीत सरकारी दप्तरं जळून जायची, म्हणून तो लाकूड टाळून विटांची कमानदार छतं बांधायचा. वॉशिंग्टनच्या ट्रेझरीत, म्हणजे सरकारी अर्थखात्याच्या इमारतीत, त्यानं तेच केलं. १८३८मध्ये थॉमस वॉल्टर या वास्तुविशारदाला तपासणीला बोलावलं. कमानींचा आडवा रेटा भिंतींना पेलणार नाही, इमारत पाडा, असा अहवाल त्यानं दिला! साठीकडे झुकलेल्या मिल्सनं तो कसा वाचला असेल? सुदैवानं पाडली नाही. ट्रेझरी आजही तिथेच आहे, आत रोज कचेरी चालते. चार्ल्स्टनची दप्तरं ठेवायला मिल्सनं बांधलेली इमारतही १८८६च्या मोठ्या भूकंपातून वाचली.

मिल्सच्या थडग्यावर १९३६पर्यंत नावाचा दगडसुद्धा नव्हता. हे कळल्यावर मला राहवेना, म्हणून रात्रीच लिहायला बसलो.

तुझा मूळ नकाशा, व्हरांड्यासकट, मला पाठव. पोरं दप्तरं टेकवून पायऱ्यांवर वाचत बसतील, असं तू फोनवर सांगितलं होतंस. त्या पायऱ्या किती रुंद धरल्या होत्यास, ते मला बघायचंय. वहिनींना नमस्कार, काकूंच्या गुडघ्यांचं कळव.

तुझा,
श्रीराम