तिने सांगितलं म्हणून

चि. ओंकारास,
अनेक आशीर्वाद.

काल नौपाड्याच्या क्लासमधली तुझी मैत्रीण स्वतःला इजा करून घेते, हा विषय तूच काढलास आणि 'जाऊ दे गं, लक्ष वेधायला करते' म्हणून गुंडाळलासही. आजी समोर होती, म्हणून मी तेव्हा काही बोलले नाही. आणि एकटा गाठून बोलले असते, तर तू कानात इअरफोन घातले असतेस.

लक्षच वेधायचं असतं, तर ठाण्याच्या मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून ती घामाघूम कशाला बसली असती? स्वतःला इजा करणारी बहुतेक मुलं ते लपवतातच. मुलगेही करतात, फक्त त्यांचं 'मारामारीत लागलं' म्हणून खपून जातं. राग, लाज, एकटेपण आत इतकं साचतं की सांगायला तोंड उघडत नाही. मग शरीराला दुखवलं की घटकाभर सुटल्यासारखं वाटतं. थोड्या वेळाने ओशाळं वाटतं, लपवाछपवीचा ताण वाढतो, की पुन्हा तेच. दर वेळी त्यात मरायची इच्छा असतेच असं नाही. पण म्हणून ते किरकोळ समजू नकोस. अशा मुलांमध्ये पुढे आत्महत्येचा धोका वाढलेला असतो.

'जखम दाखव', 'माझी शपथ घे' असलं काही करू नकोस. 'खूप त्रास होतोय का?' एवढं विचार आणि ऐकून घे. मरावंसं वाटतं का, हेही सरळ विचारलंस तरी चालेल. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाली, तर तिला एकटं सोडू नकोस आणि मला लगेच फोन कर. मी मीटिंगमध्ये असले तरी.

आपल्याकडे कुणी जरा वेगळं वागलं की 'ठाण्याला पाठवा' म्हणतात. इथलं मनोरुग्णालय 1901 सालचं, आणि हा विनोदही जवळपास तितकाच जुना असावा. मला तो कधीच आवडला नाही. त्याच्या धाकानेच पोरं बोलत नाहीत. मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्थाही याच ठाण्यातली, 1990 पासूनची. तिथे बोलायला जाणारी माणसं तुझ्यामाझ्यासारखीच असतात. आणि रात्री-अपरात्री टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे: 14416. सरकारी, फुकट, मराठीतूनही बोलतात. नंबर तिला पाठव, तुझ्या फोनमध्येही ठेव.

'कुणाला सांगू नकोस' असं तिने तुला बजावलंय, ठाऊक आहे. वर्गात, ग्रुपवर अवाक्षर काढू नकोस. पण मला सांगितलंयस हे तूच तिला सांग, तिच्यापासून लपवू नकोस. चिडेल, कदाचित बोलायचीही बंद होईल. होऊ दे.

शनिवारी मला सुट्टी आहे. ती तयार असेल तर तिला घरी घेऊन ये, आजी थालीपीठं लावणारच आहे. तिच्या आईशी कसं बोलायचं ते मी तिलाच विचारून ठरवीन. ते तू अंगावर घेऊ नकोस. तुझी सोमवारची टेस्ट आहे, तिचं बघ.

तुझी,
आई